पूर्वेकडचं टोक

निळ्या लोकरीचा तो धागा वीतभर लांब होता. विमानाच्या पंखाला खालून आधार देणारी तिरकी दांडी असते, तिच्यावर मी तो चिकटपट्टीनं लावला होता. हवा कुठून कुठं जाते ते डोळ्यांना दिसावं म्हणून. दुपारभर तो शेपटीच्या दिशेनं ताणलेला होता. मधेच सैल पडायचा, पुन्हा उचलला जायचा. चहाच्या वेळेच्या सुमाराला तो एकदा खाली आला आणि वर गेलाच नाही. दांडीशेजारी सरळ लोंबत राहिला. मी मनात तीसपर्यंत आकडे म्हटले. धाग्याचं टोकसुद्धा हललं नाही.

“काय बघताय?” शेजारच्या सीटवरून कॅप्टन इंगवल्यांनी विचारलं.

“वारा पडला, सर.”

“मग झालं तर! एवढ्या निवांत हवेत आमची म्हैससुद्धा उडेल.”

त्यांना माझ्या तोंडून काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. बाहेर बाभळीखाली सतरंजी टाकून बसलेल्या दोघांनाही ते ठाऊक होतं.

ही सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी पस्तिशीला टेकले होते. गावातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत घोडेमाळावरच्या फ्लाइंग क्लबात जायची. क्लब म्हणजे एक पत्र्याचं हँगर, मुरुमाची एक धावपट्टी आणि दोन पुष्पक विमानं. पुष्पकचं सगळं बांधकाम म्हणजे सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, पुढं एक इंजिन आणि आत शेजारीशेजारी दोन खुर्च्या. दोघातिघांनी मनावर घेतलं तर ढकलत कुठंही न्यावं, इतकं हलकं. त्या दोन विमानांतल्या एकाचं इंजिन कित्येक महिने टेबलावर सुटं होऊन पडलं होतं. उडणारं विमान हे एवढंच.

इंगवल्यांची एक पद्धत होती. मी नंतर बरेच क्लब पाहिले, पण ती पद्धत दुसरीकडे कुठं दिसली नाही. विद्यार्थ्यानं पहिल्यांदा एकट्यानं कधी उडायचं हे सगळीकडे शिक्षक ठरवतो. इंगवले ठरवत नसत. विद्यार्थी तयार झाला असं त्यांना वाटलं की ते त्याला धावपट्टीच्या पूर्वेकडच्या टोकाला विमान न्यायला लावत, नाक पश्चिमेला, उड्डाणाच्या दिशेला ठेवून इंजिन बंद करायला सांगत आणि गप्प बसत. विद्यार्थ्यानं त्यांना म्हणायचं, “सर, उतरा.” तो म्हणाला की ते उतरत, स्वतःच्या हातानं प्रोपेलर फिरवून इंजिन सुरू करून देत आणि बाभळीखाली जाऊन बसत. नाही म्हणाला, तर परत हँगर आणि चहा.

“इंजिन चालू असताना माणसाला स्वतःचं मन ऐकू येत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

गेल्या दिवाळीपासून त्यांनी मला कितीदा त्या टोकाला नेलं असेल! मी एकदाही ते दोन शब्द उच्चारले नव्हते. कधी ब्रेक मऊ लागायचा, कधी ढग खाली असायचे, कधी उतरताना चाक जरासं आपटलेलं असायचं. माझी प्रत्येक शंका खरी होती. इंगवले म्हणायचे, “बरं,” आणि “का” असं कधीच विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं.

आता मात्र दिवस संपत आले होते. पाऊस लागला की मुरुमाची धावपट्टी चिखल व्हायची, ती दिवाळीपर्यंत बंद. आणि दिवाळीनंतर इंगवले तिथं नसणार होते. त्यांना दुसऱ्या क्लबनं बोलावलं होतं. नवा शिक्षक नव्यानं पाढे म्हणायला लावणार, आणि छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसेन का, याची मलाच खात्री नव्हती.

“मॅडम!” बाभळीखालून डॉक्टर पारखांनी हाक मारली. पारख गावातले दातांचे डॉक्टर, क्लबाचे हौशी वैमानिक. त्यांनी ते दोन शब्द इतक्या लवकर म्हटले होते की पहिल्या एकट्या उड्डाणात विमानानं उतरताना तीन उड्या मारल्या होत्या. “दाढ काढायची असली की माझे पेशंट असंच करतात बघा. पुढच्या गुरुवारी येतो, म्हणतात. दाढ काही गुरुवारची वाट बघत नाही!”

“तुमच्याकडे येण्यापरीस दाढदुखी बरी वाटत असंल लोकांना,” त्यांच्या शेजारी तोंडावर टॉवेल टाकून पडलेले लिंबाजी म्हणाले. लिंबाजी सोनवणे क्लबाचे मेकॅनिक. उड्डाण चालू असताना जीप घेऊन या टोकाला थांबायचं, ही त्यांची ड्यूटी. पारख त्यांना सोबत करायला नि मला चिडवायला येत.

इंगवले हसले, पण माझ्याकडे बघून नाही. समोर धावपट्टीकडे बघून.

मी पुन्हा धाग्याकडे पाहिलं. मेच्या दुपारी, माळावर, वारा असा एकाएकी पडत नाही. दिवसभर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत होता. म्हणजे पूर्वेला कोणीतरी हवा ओढून घेत होतं, आणि आता ओढणं थांबलं होतं.

मी दार उघडून खाली उतरले आणि शेपटीकडे वळून पाहिलं.

पूर्वेला ढग होता. वळवाचा, वर कोबीसारखा फुललेला, खाली काळानिळा. त्याच्या पोटातून पावसाच्या झिपऱ्या लोंबत होत्या, पण त्या जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या, अधांतरीच विरत होत्या. हे चित्र मी दर वर्षी खडूनं फळ्यावर काढत असे. विरणारा पाऊस हवेला गार करतो. गार हवा जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आपटली की फरशीवर ओतलेल्या पाण्यासारखी चहूकडे धावते. वर्गात मी तिला बाण काढायची. इथं तिला रंग होता. क्षितिजाशी तांबूस मातीची एक भिंत उभी होती आणि भिंतीच्या अलीकडे साखर कारखान्याची चिमणी होती.

बघता बघता चिमणी नाहीशी झाली.

“सर.”

इंगवले त्यांच्या बाजूनं उतरले, मागं वळले आणि त्यांच्या तोंडून एक शिवी गेली. मी त्यांच्याकडून शिवी पहिल्यांदाच ऐकली.

“आत बसा. स्विच तुम्ही सांभाळा, प्रोपेलर मी फिरवतो. लिंबाजी! जीप काढ, हँगरची दारं उघड!”

हँगरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, ‘वारा सुटला की विमान आत’. तो नियम इंगवल्यांचाच. तरुणपणी दुसऱ्या कुठल्या तरी मैदानावर त्यांनी उघड्यावर राहिलेलं विमान वादळात पालथं झालेलं पाहिलं होतं. त्याची चाकं आभाळाकडे बघत होती, असं ते सांगायचे. तेव्हापासून घोडेमाळावर वाऱ्याचं नाव निघालं की माणसं आधी विमान आत ढकलत, मग आपली वाळवणं काढायला पळत.

पण हँगर पश्चिमेकडच्या टोकाला होतं, आणि आम्ही पूर्वेकडच्या.

मी आत बसले. दाराच्या फटीतून मान वळवून मागं बघत राहिले. चिमणीच्या अलीकडे नांदऱ्याची पाण्याची टाकी होती, चिमणी आणि आम्ही यांच्या बरोबर मध्यावर. चिमणी गेली तेव्हापासून मी आकडे मोजत होते, सवयीनं. टाकी पुसली गेली तेव्हा मी मोजायची थांबले. भिंतीला टाकीपर्यंत यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात ती आमच्यावर येणार होती. आणि हँगर गाठायला आम्हाला त्याच्या दुप्पट वेळ लागणार होता.

म्हणजे ती आम्हाला मधेच गाठणार. तीही पाठीमागून. समोरचा वारा विमानाला कळतो, ते त्यासाठीच घडवलेलं असतं. मागचा वारा शेपूट उचलतो, नाक मातीत खुपसतो आणि विमान पाठीवर टाकतो. जराही तिरकं झालं तर एक पंख उचलतो. उभं विमान एक वेळ बांधता येतं, पळतं विमान कशाला बांधणार?

“स्विच ऑफ?” प्रोपेलरसमोरून इंगवल्यांनी ओरडून विचारलं.

“ऑफ!”

त्यांनी प्रोपेलर दोनदा फिरवून घेतला, पाय रोवले, पातं हातात धरलं.

“कॉन्टॅक्ट!”

यावर आत बसलेल्यानं स्विच चालू करायचा आणि तोच शब्द उलट ओरडायचा. त्याशिवाय बाहेरच्यानं पात्याला झटका द्यायचा नाही. माझा हात स्विचवर होता.

“कॉन्टॅक्ट!”

मी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“अहो बाई, कॉन्टॅक्ट! झोप लागली का?”

“नाही, सर.”

ते धावत दाराशी आले. चेहरा लाल झाला होता. “नाही म्हणजे?”

“आपण पोचणार नाही. मधेच गाठेल.”

“कुणी सांगितलं?”

“चिमणीनं. आणि टाकीनं. सर, ते नंतर सांगते. विमान इथंच बांधू.”

“उघड्या माळावर? कशाला बांधू, माझ्या कमरेला?”

मी उतरले. धावपट्टीच्या कडेकडे हात केला. धावपट्टीचं टोक ओळखू यावं म्हणून दोन्ही बाजूंना चुना फासलेले ड्रम ठेवलेले होते, निम्मे दगडांनी भरलेले. उत्तरेकडच्या ड्रमापुढं, थोडा बाजूला, धावपट्टी दाबायचा लोखंडी रूळ पडून होता. बैलांनाही जड जायचा असा.

“शेपूट या ड्रमावर चढवायची, नाक पूर्वेला. एक पंख रुळाला, दुसरा जीपला. लिंबाजी, जीप हँगरकडे नेऊ नका! दोर आहेत ना तीत?”

लिंबाजींनी जीपचं स्टीअरिंग धरून इंगवल्यांकडे पाहिलं.

इंगवल्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ते वळले आणि लिंबाजींवर गरजले, “बघतोस काय? बाईंनी विचारलं ना, दोर आहेत का?”

“हाईत की!”

“मग आण!”

त्यानंतर कोणी चाललं नाही, सगळे धावलेच. विमान वळवायला आम्हाला फारसा वेळ लागला नाही. पुष्पकची शेपूट एका माणसाला उचलता येते. इंगवल्यांनी ती खांद्याला लावली आणि आम्ही तिघांनी पंखांच्या दांड्या धरून विमान गोल फिरवलं. नाक भिंतीच्या समोर आलं. शेपूट ड्रमावर टेकली. पुष्पक एरवी नाक वर करून बसतं, उंबऱ्यावर बसलेल्या कुत्र्यासारखं. त्या बैठकीत पंख वाऱ्याला तिरका होतो आणि समोरून आलेला जोरदार वारा त्याला उभ्या जागी उचलू शकतो. शेपूट वर गेली तसा पंख आडवा झाला.

“धरून ठेवा, सर. ड्रमाला बांधा आणि सोडू नका.”

“होय,” इंगवले म्हणाले. मला ते “होय” आजही ऐकू येतं.

लिंबाजींनी जीप डाव्या पंखाशी आणून लावली आणि दोर बंपरला आवळला. उजवा पंख रुळाला बांधला, पण रूळ हवा होता तिथून दोन हात मागं होता. दोर सरळ खाली न जाता तिरका गेला. मला तो आवडला नाही. बदलायला वेळ नव्हता.

“डॉक्टर, ती सतरंजी!”

“बसायला?”

“पंखावर ठेवायला. उभी फाडा. दोन तुकडे, लांबच्या लांब.”

“मॅडम, सासूबाईंची आहे ती!”

“लिंबाजी, सुरी!”

लिंबाजींनी सुरी घातली. पारखांनी डोळे मिटून घेतले, पण दुसरं टोक त्यांनीच ओढून धरलं. मी तोवर बोलत होते, भराभर, कोण ऐकतंय याची पर्वा न करता. पंखाची वरची बाजू गुळगुळीत असते, म्हणून हवा तिला चिकटून जाते. चिकटून गेली की पंख उचलला जातो. तिच्या वाटेत आडवा उंचवटा घातला तर हवा विस्कटते. विस्कटलेली हवा काही उचलत नाही. सतरंजीची गुंडाळी करायची, ती पंखाच्या पुढच्या कडेपासून हातभर मागं, पंखाच्या लांबीला धरून ठेवायची आणि दोरानं बांधायची.

“हे कुठं केलंय कुणी?” शेपटीजवळून इंगवल्यांनी विचारलं.

“मी नाही पाहिलेलं.”

“वा!”

डाव्या पंखावरची गुंडाळी बांधून झाली. आम्ही उजव्या पंखाकडे वळलो. मी रुळावर चढले, म्हणजे माझे हात पंखाच्या वर पोचतील. लिंबाजींनी आतल्या बाजूचा दोर आवळला. बाहेरच्या टोकाचा दोर पारख खालून माझ्याकडे देत होते, आणि तेवढ्यात बाभळीच्या शेंगा वाजायला लागल्या.

माझा हिशेब चुकला होता. भिंत वाटेत वेगानं वाढली होती. मी धरलेल्या वेळेच्या बरीच आधी ती आली.

आधी गारवा आला. उन्हाळ्यात माठाचं झाकण काढल्यावर येतो तसा, मातीचा वास असलेला. मग आवाज आला आणि मग काही दिसेनासं झालं. पारखांच्या हातातला दोर उडून गेला. मी पंखावर पालथी पडले, दोन्ही हातांनी गुंडाळीचं मोकळं टोक दाबलं आणि गाल कापडाला टेकवला. खडे डोक्यावर, पाठीवर फुटाण्यासारखे आदळत होते. पंखाचं कापड माझ्या गालाखाली थरथरत होतं. ढोलावर हात ठेवावा तसं.

मग पंख उचलला गेला.

तो हळूच उचलला गेला. जनावर झोपेतून उठताना आधी अंग हलवतं, तसा. रुळाचा दोर ताणला आणि करकरला. माझे पाय रुळावरून सुटले. मी पंखाला लोंबत होते, आणि माझ्या खाली विमानाचं उजवं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं. मी ते पाहिलं. डोळ्यांत माती असतानाही पाहिलं. मला एवढंच वाटलं की हाताखालची गुंडाळी सरळ राहिली पाहिजे. तिच्या पुढं हवा अजून पंखाला चिकटलेली होती, तिच्या मागं ती फाटत होती. मला ती फाटताना तळहातांखाली कळत होती.

“सोडू नका!” मी ओरडले. कोणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

कोणीतरी माझे पाय धरले आणि खाली ओढले. पारख होते. त्यांनी माझ्या घोट्यांना मिठी मारली होती आणि ते स्वतः रुळाच्या दांड्याला पाय अडकवून बसले होते.

चाक खाली आलं. मुरुमावर टेकलं. पुन्हा केसभर उचललं गेलं, पुन्हा टेकलं आणि मग टेकूनच राहिलं. वारा तेवढाच होता, पण पंखाला आता त्याचं काही घेणं नव्हतं. तो माझ्या हाताखाली नुसता थरथरत राहिला.

असा किती वेळ गेला सांगता येत नाही. मोजायचं मला सुचलंच नाही.

धूळ ओसरली तेव्हा आधी डावा पंख दिसला, मग प्रोपेलर, मग सगळं विमान. नाक पूर्वेला, शेपूट ड्रमावर, पंख आडवा. आम्ही ठेवलं होतं तसंच. जीपचं ताडपत्रीचं छत कुठं गेलं होतं देव जाणे. शेपटीजवळ इंगवले ड्रमाला कवटाळून बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत तांबडे. ते उठले, कपडे न झटकता विमानाभोवती एक फेरी मारू लागले. प्रत्येक दांडीला, प्रत्येक तारेला हात लावत होते. आम्ही तिघं त्यांच्या हाताकडे बघत होतो. डाव्या पंखावर दोरानं कापड घासलं होतं, तळहाताएवढं. ते बोटानं चाचपून ते म्हणाले, “एवढंच.”

“एवढंच?” पारखांनी विचारलं.

“एवढंच!”

पारखांनी अशी काही आरोळी ठोकली की दूरच्या टिटव्या उठल्या. त्यांनी लिंबाजींना उचललं, लिंबाजींनी “अवं, ठिवा खाली, हाडं मोडत्याल!” म्हणून बोंब मारली, आणि मग दोघंही मुरुमावर बसून हसत सुटले. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. तोंडात माती होती आणि ती गोड लागत होती.

“डॉक्टर, सासूबाईंना काय सांगणार?” मी विचारलं.

“सांगणार की तुमच्या सतरंजीनं विमान वाचवलं! जावयानं आजवर काही वाचवलं नाही, असं त्या म्हणतातच. आता सतरंजी तरी माझ्या बाजूनं बोलेल.”

इंगवले धावपट्टीच्या मधोमध उभे राहून पश्चिमेकडे बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले. दक्षिणेकडचा ड्रम जागेवर नव्हता. तो लवंडला होता, त्यातले दगड वाटेत सांडत गेले होते आणि रिकामा ड्रम धावपट्टीच्या मध्यावर पडला होता. आम्ही निघालो असतो तर त्या वेळी साधारण तिथंच असतो. त्याच्याही पलीकडे हँगर दिसत होतं, धडधाकट, एकही पत्रा न हललेलं.

“पोचलो असतो, तर वाचलो असतो,” ते म्हणाले.

“पोचलो नसतो, सर.”

“नसतो,” त्यांनी मान्य केलं. मग म्हणाले, “आणि तुमची ती गुंडाळी. खात्री किती होती?”

मी खरं ते सांगितलं. “निम्मी.”

“आणि वेळेचा हिशेब?”

“तो चुकलाच.”

ते माझ्याकडे बघून हसले. मोठ्यानं नाही. विद्यार्थ्यानं सुरेख लँडिंग केल्यावर ते असे हसायचे. माझ्या वाट्याला ते हसू फार वेळा आलं नव्हतं.

“निम्म्या खात्रीवर माझा हुकूम मोडलात?”

“उरलेली निम्मी यायला वेळ नव्हता, सर.”

“ती कधीच येत नसते, बाई,” ते म्हणाले आणि टोपी झटकत जीपकडे गेले.

दुसरा दिवस रविवार होता. मी पोचले तेव्हा लिंबाजींनी ठिगळ लावून, प्रत्येक बोल्ट आणि तार तपासून विमान हँगरबाहेर काढून ठेवलं होतं. इंगवल्यांनी आधी एकट्यानं एक फेरी मारली, विमान कुरकुरत नाही ना बघितलं. मग मला घेऊन दोन फेऱ्या. दुसऱ्यांदा उतरताना माझं चाक जरासं आपटलं. मी विमान वळवून पूर्वेकडच्या टोकाला नेलं, नाक पश्चिमेला केलं आणि इंजिन बंद केलं.

शांतता झाली. तापलेल्या इंजिनाचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. बाभळीखाली पारख आणि लिंबाजी होते. पारखांनी तोंड उघडलं होतं, पण लिंबाजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते मिटलं.

दूर हँगरजवळ वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक निम्मा भरला होता. वारा धावपट्टीच्या रेषेत नव्हता, दक्षिणेकडून जरा तिरका येत होता. फार नाही. पण तिरका.

इंगवल्यांनीही तो पाहिला. त्यांनी घसा साफ केला.

“वारा आडवा आहे, बाई.”

“आहे, सर.”

“मघाशी चाकही लागलं जरा.”

“लागलं.”

“मग?” त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला नव्हता, दोन्ही हात मांडीवर, समोर नजर. माझ्यासाठी त्यांनी सगळ्या सबबी काढून ताटात वाढाव्यात तशा मांडून ठेवल्या होत्या. “काय करायचं? चहा घ्यायचा?”

मी धावपट्टीकडे पाहिलं. ती सगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सकाळच्या उन्हात पडली होती.

“सर,” मी म्हटलं, “उतरा.”